पारोळ्याच्या रस्त्यावर कुत्रं नव्हतं

प्रल्हाद, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पुन्हा एकदा खोटं बोललो.

धुळ्यात, देवपुरातल्या तुझ्या घरापुढे मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या आणि मग एकेक जण उठून बोलू लागला. ऑफिसातले, दोंडाईच्याच्या शाळेतले, तुझ्या गावचे. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आता मधूभाऊंनी बोलावं. दोघांनी सगळी उमर एकामागे एक चाक लावून काढली." मी उठलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि तोंडातून निघाली ती कुत्र्याचीच गोष्ट. पारोळ्याच्या अलीकडे आडवं आलेलं तांबडं कुत्रं, एक कान तुटलेलं. त्याला वाचवायला तू सायकल बाभळीत घातलीस, हात कोपरापासून सोलून निघाला, आणि आठव्या दिवशी त्याच हाताने निवडीची शर्यत मारलीस. लोकांना ही गोष्ट फार आवडते. मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शोभावहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. एकटी तुझी लेक सुजाता माझ्याकडे बघत होती. टक लावून, न रडता. मी पुढे काय म्हणणार ते जणू तिला पाठ होतं. तिची ती नजर बघून मला वाक्य पुरं करता आलं नाही. लोकांना वाटलं, मला भरून आलं.

त्याला आता तीन आठवडे होऊन गेले. मधल्या दिवसांत जे घडलं ते तुझ्या कानावर घालायला हवं. तुझं कौतुक तिथे बऱ्याच जणांनी केलं, ते मी पुन्हा करत बसत नाही.

तुझ्यामाझ्यात पहिल्यापासून कामाची वाटणी होती. तू जिंकायचं आणि मी वारा खायचा. सरकारी खात्याने आपल्या दोघांना सायकलपटू म्हणून नोकरी दिली, पण साहेबांना हवा होतास तू. लहानपणी वाळल्या मिरच्यांची पोती कॅरिअरला बांधून गावाहून दोंडाईच्याच्या बाजारात नेणारा, डोळ्यांतून पाणी गळत असताना पायडल न सोडणारा. मला घेतलं ते तुझ्यापुढे राहून वारा अडवायला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. जळगावातल्या त्या एका खोलीत आपण सात वर्षं काढली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि तुझ्या हातचा ठेचा खाऊन पहाटे निघायचं, जर्सीच्या खिशात फैजपूरकडची दोन-दोन केळी. एरंडोलपर्यंत मी पुढे, तिथून पारोळ्यापर्यंत तू पुढे, परत येताना वाऱ्याचं तोंड बघून.

खात्यात घेताना डॉक्टरांनी तुझी नाडी मोजली होती. पुन्हा मोजली. मग घड्याळ कानाला लावून ते चालतंय का बघितलं. मिनिटाला अडतीस. त्यांनी शेजारच्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं आणि तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे हृदय नाही, इंजिन आहे." तेव्हापासून तू भेटेल त्याच्या हातात मनगट द्यायचास. कोर्टासमोरच्या चहावाल्यालासुद्धा. "मोज." मलाही अभिमान वाटायचा. पण दुपारी तू उताणा झोपलेला असलास की गळ्याजवळची शीर उडताना दिसायची. एकदा उडाली की पुढची वेळ लवकर यायची नाही. कितीदा मी वाट बघत अंथरुणावर अर्धा उठून बसलोय. मग ती उडायची, आणि मी पुन्हा आडवा व्हायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

साल बहुधा चौऱ्याऐंशी, एप्रिलचा शेवट. निवडीला आठ दिवस होते. पारोळा चार-पाच किलोमीटर राहिला असेल. रस्ता सरळ, मोकळा, वारा पडलेला. मी तुझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर होतो. तुझे पाय थांबले. मला वाटलं, चेन उतरली. तू मान खाली घातलीस ती चेनच बघायला. पण मान वर आलीच नाही. सायकल अगदी सावकाश डावीकडे गेली, डांबर सोडून कडेच्या मातीत उतरली आणि तुला घेऊन बाभळीच्या झुडपात शिरली. ब्रेक नाही, ओरडणं नाही.

मी तुला ओढून बाहेर काढलं. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. तुझा हात हातात घेतला, त्यात नाडी लागेना. मी रस्त्याकडे बघून हाका मारल्या, पण तिथे होतं कोण? अर्धं मिनिट झालं असेल. मग तू एक लांब श्वास ओढलास, माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "कोन जिंकनं?"

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. तुझं अंग घामाने भिजून थंडगार पडलं होतं. पाणी प्यायलास, उठून बसलास, आणि पहिलं वाक्य बोललास ते हे: "कोनले सांगू नको, मधू. आठ दिनमा निवड शे."

"आन सायेबले काय सांगसूत? हात देख तुना."

तुला काही सुचत नव्हतं. सुचलं ते मला. कुत्रं माझं होतं, प्रल्हाद. "सांग, कुत्रं आडं उनं," असं मी म्हणालो. तांबडा रंगही मीच दिला. तुटका कान तू नंतर जळगावला पोचल्यावर घातलास, साहेबांसमोर, आणि मी मान डोलावली.

मी हे मैत्रीपोटी केलं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. थोडं खरंही आहे ते. पण आपण दोघं नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. तू संघातून गेलास तर वारा अडवणाऱ्याला कोण ठेवणार होतं? बाभळीखाली बसून तुझ्या हाताचे काटे काढताना मी हाच विचार करत होतो. आज ते लिहितो.

दुसरी वेळ घाटात आली. ती तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत, आणि आपल्यातलं न मिटलेलं भांडण. चढावर पुढे पाच जण उरले होते, त्यात आपण दोघं. तू उजव्या अंगाला होतास, कठड्याच्या बाजूला, आणि त्या वळणावर कठडा ढासळलेला होता. मी तुझ्याकडे सहज बघितलं आणि तुझी मान जाताना दिसली. पारोळ्यासारखीच. पाय थांबले, सायकल कड्याकडे वळली. मी हात टाकून तुझी जर्सी पाठीवर मुठीत धरली आणि सगळं बळ लावून आत ओढलं. तीन-चार पायडलं मी तुझं ओझं ओढत होतो. मग तुझी मान वर आली. तू वळून बघितलंस, तर माझी मूठ तुझ्या पाठीवर. मागून पंचांची जीप शिट्ट्या मारत होती. तू झटका देऊन सुटलास आणि असा निघालास की वर पोचेपर्यंत कुणाला दिसला नाहीस.

तू जिंकलास. दोंडाईच्यात उघड्या जीपमधून तुझी मिरवणूक निघाली. मला तिथेच शर्यतीतून काढलं आणि वर दोन वर्षांची बंदी घातली. तिशीला टेकलेल्या सायकलवाल्याला दोन वर्षं म्हणजे कायमचीच.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी तू जर्सी का धरली ते विचारलंस, "तू मनी जर्सी काब्र धरी?"

"तू पडत होतास."

"मी? मी चढ चढत होतो."

तुला खरंच काही आठवत नव्हतं. तुझ्या लेखी मधले ते क्षण झालेच नव्हते. तुझ्या लेखी इतकंच खरं होतं की तू जोरात होतास आणि पाठीमागून कुणीतरी तुला ओढलं, आणि तो मी होतो. लोकांनी तुझ्या कानात काय भरवलं तेही मला माहीत आहे. किती वर्षं दुसऱ्याचा वारा खाणार, पोटात दुखलं असेल, असं. तू त्यांचं ऐकलं नाहीस. उलट साहेब मला नोकरीतूनच काढायला निघाले तेव्हा तू त्यांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणालास, "मधू जाईल त्या दिवशी माझाही राजीनामा घ्या." त्या एका वाक्यावर माझा संसार उभा राहिला. तुझ्या मनात मी दोषीच होतो आणि तरी तू हे केलंस. मी तुझे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी तुझ्यावर रागावलो, कारण तू मला माफ करत होतास, आणि मी तर तुला वाचवलं होतं.

खरं पटवून द्यायचं तर तुला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मग पारोळा निघाला असता. मी काढला नाही. तूही काढला नाहीस. त्यानंतर तू आणखी सहा वर्षं शर्यती मारल्यास आणि तुझ्या प्रत्येक शर्यतीच्या दिवशी मी ऑफिसात फोनच्या टेबलाभोवती घोटाळायचो. निकालाची उत्सुकता आहे असं लोकांना वाटायचं.

मग गुडघा गेला, तू थांबलास, धुळ्याला बदली घेऊन टेबलाचं काम करू लागलास. मला वाटलं, सुटलो. थोडं पोटही सुटलं तुझं. ते बघून मला जो आनंद झाला तो तुला कळला नाही, तू चिडायचास. मग सुजाता सायकलवर बसली.

आपली शेवटची भेट धुळ्याजवळच्या लळिंग घाटाच्या पायथ्याशी झाली. दिवाळी होऊन गेली होती. सुजाता घाट चढायला गेली होती, तू हातात घड्याळ घेऊन मैलाच्या दगडापाशी उभा, मी जळगावहून एका लग्नाला आलेलो म्हणून तुझ्यासोबत. मग एकदम वडिलांचा विषय काढलास. बांधावर बसल्या बसल्या गेले, चाळिशी नुकतीच ओलांडली होती. थोरला भाऊ विहिरीत बुडाला, गावात त्याच्यासारखा पोहणारा नव्हता तरी. "आमना घरना मानसे पन्नाशी देखतस नही, मधू," असं म्हणून हसलास. मी हसलो नाही. एवढी वर्षं आपण एका ताटात जेवलो आणि हे तू मला आज सांगत होतास.

"घाटात तू माझी जर्सी धरलीस," तू पुढे म्हणालास, आणि या वेळी आवाजात भांडण नव्हतं. "मी खरंच पडत होतो का? खरंच पडत असेन, तर..."

तू थांबलास. माझ्याकडे बघत राहिलास. आणि मी काय म्हणालो? "सोड ना रे. जुनं झालं आता."

तेवढ्यात ती वळणावरून खाली येताना दिसली आणि तू घड्याळाकडे बघितलंस. त्या 'तर'च्या पुढे काय होतं, ते मला तुझ्या मरणानंतर कळलं.

पुण्यानुमोदनाची जेवणं उरकल्यावर मी मागच्या नळावर हात धूत होतो. सुजाता येऊन उभी राहिली.

"मधूकाका, पप्पांचं कुत्रं कुठल्या रंगाचं होतं?"

"तांबडं. सांगितलं ना मघाशी."

"माझं पण तांबडंच होतं."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. दिवाळीच्या आधी नगावच्या रस्त्याला ती पडली. रस्त्यावर काहीच नव्हतं. डोळ्यांपुढून रस्ता गेला, आणि एकदम दिसले ते पप्पा, माझ्या तोंडावर पाणी मारताना. "मला म्हणाले, आईला सांग, कुत्रं आडवं आलं. मी म्हटलं, कसलं कुत्रं? तर म्हणाले, तांबडं. पुढे निवड आहे, कुणाला बोलू नको."

नळ चालूच होता. तिने तो बंद केला.

"अजून एक आहे, काका. पप्पा गेले त्या दिवशी मी घाट उतरून आले तेव्हा पप्पा दगडाला टेकून बसले होते. घड्याळ हातात चालू होतं. मी आधी वेळ बघितली." ती तिथेच खाली बसली. "आधी वेळ बघितली मी. मग त्यांच्याकडे."

त्या क्षणी तू समोर असतास तर, प्रल्हाद, मी तुझ्या कानाखाली वाजवली असती. स्वतःच्या जिवाशी खेळलास, ठीक. पण ही? तू तिला आपल्यासारखंच उठवलंस, पाणी पाजलंस, आणि माझंच कुत्रं तिच्या तोंडात दिलंस. तू घाबरला होतास, म्हणून लळिंगला मला विचारत होतास, हे आता मला दिसतं. मी तेव्हा खरं बोललो असतो तर तू त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेला असतास असं मला वाटतं. मला तसं वाटून घ्यायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तुझ्या घरी गेलो. वहिनी तुझ्या जर्स्यांच्या घड्या घालून पेटीत ठेवत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पारोळा, घाट, तुझे वडील, भाऊ, नगावचा रस्ता. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "पारोळ्याला किती वर्षं झाली?"

"चौदा."

"चौदा वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात, भाऊजी."

एवढंच. मग त्यांनी आत हाक मारली, "सुजाता, सायकलला कुलूप लाव आणि चावी मला आणून दे."

पोरीने आकांत केला. निवड वीस दिवसांवर आली होती. निवड होऊ दे, मग कुठल्याही डॉक्टरकडे न्या म्हणाली. पप्पा असते तर त्यांनी असं केलं नसतं म्हणाली. ते खरं होतं. मी मुंबईची तिकिटं काढली.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर तिचं काळीज बघितलं, मग माझ्याकडे वळले. घरात अचानक कुणी गेलं आहे का? मी सांगितलं: आजोबा, काका, वडील. त्यांनी पेन खाली ठेवलं. वडिलांची कधी तपासणी झाली होती का, असं विचारलं. मी म्हणालो, नाडी मोजली होती. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

काळजाची भिंत जन्मापासून जाड आहे, रक्तातून आलेली. गोळी रोज घ्यायची, आयुष्यभर. शर्यत नाही, धावणं नाही, चढ नाही. "एवढं पाळलं की धोका नाही ना?" वहिनींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कमी होतो."

परतीच्या गाडीत सुजाता खिडकीकडे तोंड करून बसली होती. चाळीसगाव सोडल्यावर तिने विचारलं, "तुम्ही तेव्हाच साहेबांना खरं सांगितलं असतं तर पप्पा जगले असते?"

"असते कदाचित."

"आणि शर्यती?"

"त्या नसत्या मारल्या."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. तिला आणखी काही विचारायचं होतं असं मला वाटलं, पण तिने विचारलं नाही. आणि मीही तुला विचारू शकलो नव्हतो: सायकल की आयुष्य, यातलं काय हवं? तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, म्हणूनच कदाचित विचारलं नाही. पण निवडायचं होतं तुला. बाभळीखाली मी तुझ्या वतीने निवडून टाकलं.

काल तिची निवडीची शर्यत होती. तिच्याशिवाय झाली. मी सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलो, थोडी केळी घेऊन. दार सुजातानेच अर्धं उघडलं. चेहरा सुकलेला, डोळे सुजलेले. म्हणाली, "आई नाही घरी." वहिनींच्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या. मी चपलांकडे बघितलेलं तिने बघितलं, आणि दार लावून घेतलं.

मी केळी पायरीवर ठेवली आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. आतून ती फरशीवरून चालत गेल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरापर्यंत गेली, काही भांडं वाजलं, पुन्हा परत आली. पावलं जड, रागाची, पण एकसारखी पडत होती. मी ती मागच्या खोलीत जाईपर्यंत ऐकली.

रविवारी पुन्हा जाईन. दार नाही उघडलं तरी चालेल, प्रल्हाद. तिची पावलं ऐकू आली की मी परत येईन.